उचकी नव्हती ती

मित्रांनो, मी एक जुना, जळक्या वासाचा गिअरबॉक्स आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. मिस्त्रीच्या दुकानात झिजलेल्या टायरांच्या मागे मला टाकून दिले आहे. कोणी माझ्यावर रंगाचे डबे ठेवते, कोणी उष्टा कप ठेवते. ठेवा बापड्यांनो! पण ज्याने माझी ही दशा केली, त्याचे उट्टे मी कसे काढले, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

आधी माझे काम ऐका. इंजिन ताकद काढते, चाके पळतात, आणि मधल्या मध्ये ती ताकद किती आणि कोणत्या दिशेला द्यायची, हे मी ठरवतो. चढावर जोर देतो, सपाट रस्त्यावर वेग देतो. माझ्या गाडीत पायाने दाबायचा क्लचसुद्धा नव्हता. चालवणाऱ्याने दांडी पुढे किंवा मागे सरकवायची, बाकी सगळे मी बघायचे. इतके करूनही कौतुक कोणाचे? इंजिनाचे! "काय इंजिन आहे!" असे म्हणत लोक बॉनेटवर थाप मारतात. गिअरबॉक्सवर थाप मारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. केसांना जाळी बांधलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकेक चकती हळुवार हाताने बसवली. त्यांतल्या एकीने मला फिरवून पाहिले, कान लावला आणि शेजारणीला म्हणाली, "गुणी आहे गं, आवाजच नाही याला." ते कौतुक मी पुढे फार वर्षे पुरवून पुरवून वापरले.

मग मला एका कुटुंबाच्या तीन रांगांच्या, सरकत्या दाराच्या गाडीत बसवले. घरधन्याला सगळी गल्ली कप्तान म्हणत असे, कारण गाडीत बसला की तो "चला, जहाज निघालं!" अशी आरोळी ठोकायचा. सुरुवातीची वर्षे सोन्यासारखी गेली. शाळा, दवाखाना, लग्नकार्ये, सगळीकडे मी त्यांना नेले. बायको, तिच्या पिशव्या, आणि टकळी नावाची त्यांची बडबडी मुलगी. तिचे खरे नाव काय होते कोण जाणे, घरात सगळे टकळीच म्हणत. कधी एखादे कपाटसुद्धा कोंबायचे. मी हूं की चूं केले नाही.

पण कप्तानाला एक घाणेरडी खोड होती. गल्ली अरुंद. गाडी मागे घेऊन वळवताना शेजारी कट्ट्यावर बसून बघत असत, आणि कप्तानाला त्यांच्यापुढे ऐट मिरवायची असे. गाडी अजून मागे जात असतानाच तो दांडी खाडकन पुढच्या गिअरला टाकायचा. "बघितलंत? एका दमात!" असे वर म्हणायचा. इकडे माझ्या पोटातल्या चकत्या एकमेकींवर घासून जळायच्या. तुम्ही मागे पळताय आणि कोणी कॉलर धरून तुम्हाला पुढे हिसकले, तर कसे वाटेल? तसे मला रोज सकाळी वाटायचे.

शिवाय माझे तेल. गाडी विकणाऱ्याने "हे तेल जन्मभराचं आहे" असे सांगितले होते. कप्तानाने ते मनावर घेतले. कोणाच्या जन्मभराचे, हे मात्र विचारायला तो विसरला. तेल काळे झाले, त्याला जळका वास येऊ लागला, आणि मी गचके देऊ लागलो. मित्रांनो, मला बोलता येत नाही. गचका हीच माझी हाक.

आणि त्या हाकेचे या लोकांनी काय केले ठाऊक आहे? खेळ केला! पहिला गचका बसला तेव्हा टकळी ओरडली, "बाबा, गाडीला उचकी लागली! कोणीतरी आठवण काढतंय!" सगळे खो खो हसले. तेव्हापासून मी गचके देऊ लागलो की गाडीभर नावे सुरू. "मामा! काकू! शाळेतल्या बाई!" ज्या नावाला माझा गचका थांबेल, तो माणूस आठवण काढतोय असे ठरायचे, आणि कप्तान त्याला फोन लावून सांगायचा, "अहो, आमची गाडी तुमच्यासाठी उचक्या देत होती!" मी आत जळत होतो आणि हे पाहुण्यांची नावे घेत होते. माझ्याकडे दात भरपूर, ओठ एकही नाही, म्हणून नुसते दात खात बसलो. त्याच दिवसांत मी ठरवले, या माणसाला एकदा चारचौघांत तोंडावर पाडायचे.

शेवटी उचक्या थांबेनाशा झाल्या तेव्हा कप्तान मला मिस्त्रीकडे घेऊन आला. मिस्त्रीने गाडी जरा पुढेमागे केली आणि म्हणाला, "साहेब, ही उचकी नाही, घरघर आहे. गिअरबॉक्स गेला तुमचा. नवा घाला."

कप्तानाचे तोंड उतरले. मग तो हळूच म्हणाला, "गाडी बहिणीला देतोय. तिच्या हातात जाईपर्यंत चालली तरी पुरे."

"मग दाट औषध ओततो तेलात," मिस्त्री म्हणाला. "थोडे दिवस गप्प बसेल. पुढचं त्यांचं त्या बघतील."

मागच्या सीटवर टकळी खिडकीच्या काचेवर बोटाने चित्रे काढत होती. तिच्याकडे दोघांचेही लक्ष नव्हते.

ही बहीण म्हणजे टकळीची आत्या. ती टेकडीवर पाळणाघर चालवायची. खालच्या वस्तीतल्या आयांची मुले रोज सकाळी वर न्यायला तिला गाडी हवी होती. रस्ता असा उभा की चालतानाही दम लागावा. त्या चढावर, गाडीत लहान मुले असताना, माझ्या चकत्यांनी हात सोडले असते तर गाडी सरळ मागे आली असती.

औषध पोटात गेले आणि माझी वाचाच बसली. मी लोण्यासारखा चालू लागलो. कप्तान खूष झाला. मी मात्र आतल्या आत पेटलो होतो. गप्प राहिलो असतो तर माझा सगळा सूड त्या पोरांवर आणि त्या भल्या बाईवर पडला असता, आणि कप्तान इकडे कट्ट्यावर हात झटकून मोकळा झाला असता. छे! सूड घ्यायचा तर पत्ता चुकता कामा नये. उरलेली सगळी ताकद मी एका दिवसासाठी राखून ठेवली.

तो दिवस आला. आत्या गाडी बघायला आली. "चल, तुझ्या पाळणाघरापर्यंत चक्कर मारू," म्हणत कप्तान ऐटीत बसला. शेजारी आत्या, मागे टकळी. गल्लीच्या तोंडाशी, कट्ट्यासमोर, मी सगळा जोर लावून पहिला गचका दिला.

"उचकी!" टकळी आनंदाने किंचाळली. "आत्या, नाव घे, लवकर नाव घे!"

"कसली उचकी गं?"

"गप्प बस टकळे," कप्तान गुरकावला.

पण टकळी गप्प बसली तर टकळी कसली! "आमच्या गाडीला रोज लागते. पण मिस्त्रीकाकांनी औषध ओतलंय ना, तुझ्याकडे येईपर्यंत लागणार नव्हती. बाबा, मग आत्ताच कशी लागली?"

आत्या भावाकडे बघत राहिली. कप्तान म्हणाला, "पोरीचं काय ऐकतेस? गाडी झकास आहे. थांब, चढावरच दाखवतो तुला." आणि त्याने गाडी चढाला घातली.

मला हेच हवे होते. निम्म्या चढावर, मागे टेकायला भिंत आहे असे बघून, मी हात सोडले. इंजिन बोंबलू लागले, पण चाके जागची हलेनात. कप्तानाने पाय आणखी दाबला. गाडी थरथरली आणि मागे घरंगळू लागली. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. टकळीचे हसू थांबले. आत्याने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी त्या भिंतीला टेकून उभी राहिली. कोणाला खरचटलेही नाही.

आत्या खाली उतरली. तिने टकळीला जवळ घेतले. "दादा, उद्यापासून या गाडीत माझी पोरं बसणार होती. तुला माहीत होतं."

"अगं, मला वाटलं..."

"दुरुस्त करून आण. तोवर माझ्या दारात येऊ नकोस."

मग कप्तानाने गाडी ढकलत ढकलत गल्लीत आणली. कट्ट्यावरचे सगळे उठून उभे राहिले. कोणीतरी विचारले, "काय कप्तान, एका दमात का?" मित्रांनो, मी मोडलो होतो, माझ्यातून काळे तेल गळत होते, पण इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

कप्तानाला नवा गिअरबॉक्स घालावाच लागला. मला उपटून इथे फेकले आणि गाडी आत्याकडे गेली. काही दिवसांनी आत्या स्वतः ती घेऊन दुकानात आली. तेल तपासायला! मागच्या रांगेत, मुले सांभाळायला तिने धरून आणलेला कप्तान पाळणाघराच्या पोरांत चेंगरून बसला होता. त्याच्या मांडीवर कोणाचे तरी गळक्या नाकाचे पोर होते. आत्याला माझ्या अंगावरचे डबे दिसले.

"हाच का तो जुना?" तिने विचारले.

"हाच तो," मिस्त्री माझ्यावर लाथ आपटत म्हणाला. "ऐन चढावर दगा दिला बघा यानं."

आत्याने वाकून माझ्यावरचे डबे एकेक करून खाली ठेवले. मग मान वळवून तिने आधी मिस्त्रीकडे आणि मग मागच्या सीटकडे पाहिले.

"दगा यानं नाही दिला," ती म्हणाली.

कप्तान पायांकडे बघत बसला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला गचका बसला तर हसू नका, नावे घेऊ नका, औषध पाजून दुसऱ्याच्या गळ्यात तर मुळीच मारू नका. वेळेवर तेल बदला. आणि वडील गाडी मागे घेत असतील तर सांगा, "बाबा, आधी गाडी पूर्ण थांबू दे." ते ऐकणार नसतील तर कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा.