आवणी पिवळी पडते

माझी बायको कमळ गेली त्या सकाळी मी ओटीवर बसलो होतो. माझा मुलगा आदेश अंगणात उभा राहून मुरबाडला त्याच्या मामाला, धर्माला फोन करत होता. रडला, नाक पुसलं आणि म्हणाला, "दुसऱ्या स्कॅनपासनं आमाला ठाऊकच व्हतं, मामा."

मला ठाऊक नव्हतं.

कमळला आतड्याचा कॅन्सर होता, लिव्हरमध्ये पसरलेला. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी शरीराचीच ताकद जागी करणारं औषध सलाईनमधून सुरू केलं. पहिल्या स्कॅनला मी सोबत होतो. लिव्हरमधली गाठ आधीपेक्षा मोठी दिसली. मी घाबरलो. बाई म्हणाल्या, एवढ्यात ठरवायचं नाही. या औषधानं कधीकधी लढणाऱ्या पेशी गाठीत शिरतात, ती सुजते आणि वाढल्यासारखी दिसते. असं फार थोड्यांचं होतं, पण ही जेवतेय, हिंडतेय, म्हणून औषध चालू ठेवू. दीडेक महिन्यानं पुन्हा स्कॅन करू, तेव्हा कळेल.

मला ते लगेच पटलं. आवणी केली, म्हणजे भाताचं रोप उपटून चिखलात लावलं, की ते आधी पिवळं पडतं, मान टाकतं. नवखा माणूस म्हणेल, मेलं. मूळ धरलं की तेच हिरवं होतं. घरी परतताना किन्हवलीच्या एसटीत मी कमळला हेच सांगितलं.

ती हसून म्हणाली, "म्हंजे मला चिखलात रोवली म्हना."

तेव्हापासून घरात तोच शब्द झाला. कोणी तब्येत विचारली की मी सांगायचो, आवणी पिवळी पडलीय, धरेल मूळ.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी आमची खरोखरची आवणी होती. माणसं सांगून ठेवलेली, रोपं उपटलेली. आदेश तिला घेऊन गेला. संध्याकाळी मी शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आलो आणि विचारलं. आदेश माझ्याकडं पाठ करून मोबाइल चार्जिंगला लावत राहिला. कमळच बोलली.

"अजून पिवळीच हाय. दम धरा."

पुढचं सलाईन का नाही, तर बाईंनी मध्ये खाडा दिलाय, असं आदेश म्हणाला. मी मानलं.

खरं काय झालं ते सून योगिनीनं मला दहाव्यानंतर सांगितलं. गाठ आणखी वाढली होती, नव्या गाठीही आल्या होत्या, वजन उतरलं होतं. ही सूज नव्हे, आजारच वाढतोय, औषध लागू पडत नाही, असं बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. कमळनं रिक्षातच आदेशला गळ्याची शपथ घातली. बाबाला बोलू नको, तो हातपाय गाळून बसंल.

तिनं माझाच आवणीचा शब्द वापरला आणि मलाच फसवलं. दुसरा कुठला शब्द असता तर मी कदाचित विश्वास ठेवला नसता.

श्रावणात ती एकदा म्हणाली होती, "मला आयकडं मुरबाडला नेता का? चार दिस."

मी म्हणालो, "कापनी होऊ दे गो. चांगली बरी होऊन जा, महिनाभर ऱ्हा."

तिला ठाऊक होतं, कापणीला ती नसणार. आदेश तिथंच जेवत बसला होता. त्यानं ताटातून मानसुद्धा वर केली नाही. एक शब्द बोलला असता तर मी त्याच दिवशी तिला नेली असती.

मी आदेशला विचारलं, का रे? तो म्हणाला, आयची शपथ व्हती. मी म्हणालो, मी तुझा कोण होतो? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

मग धर्माचा फोन आला. त्याची आणि कमळची आई, रखमी, अंथरुणाला खिळलेली आहे, तिला डोळ्यांनी दिसत नाही. धर्मा म्हणाला, "दाजी, आयला कलू देऊ नका. कमळ बरी हाय, कापनी झाली का येल, असं सांगितलंय तिला."

मी फोन ठेवला.

आता कापणी झाली. भात खळ्यावर आलं. मुरबाडला म्हातारी रोज विचारते, कमळ निघाली का. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. गेलो तर काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून मी अजून गेलेलो नाही.