दिपालीचं डोहाळजेवण

दिपालीला आज एका जागी बसवत नव्हतं, आणि बायांनी तर तिला फुलांच्या खुर्चीत अगदी जखडून टाकलं होतं. अंगावर हिरवी साडी, समोर पाटावर झाकलेल्या दोन वाट्या. पेढ्याची उचलली तर मुलगा, बर्फीची उचलली तर मुलगी.

छातीत सकाळपासून कळ येत होती. दुखणं तिला नवं नव्हतं. सिकलसेल, रक्ताचा हा आजार, जन्माचा सोबती. लहानपणापासून हाडं ठणकायची आणि ती ओठ मिटून सोसायची. पण वणीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "छातीत दुखलं, दम लागला, की घटकाभरही घरी थांबायचं नाही. तुलाही धोका, बाळालाही."

पाणी पीत राहा, थंडीत फिरू नको, गोळी चुकवू नको, रक्त तपासून घे. सात महिने तिनं सगळं निमूट पाळलं. आज मात्र तिला एक दुपार चारचौघींसारखी पोटुशी बाई व्हायचं होतं. शिवाय आतेसासू तानाबाई समोरच ठाण मांडून बसलेली. "दुखणाईत सून आणली" हे तिचंच पालुपद. तिच्यापुढे कण्हायचं म्हणजे तिच्या हातात आयतं कोलीत द्यायचं.

"उचल ना वं वाटी," शेजारीण म्हणाली.

तिनं हात पुढे केला. श्वास अर्ध्यावरच अडला. ती उगाच चुळबुळली, पदर सारखा केला, पुन्हा हात नेला. पोटात बाळ हललं, आणि तिला स्वतःचाच राग आला. बाळाच्या जिवावर आपण कसला मोठेपणा मिरवतोय?

"आई," ती सासूला, कोकिळाबाईंना, म्हणाली, "छातीत दुखून राह्यलं. सकाळपासून."

बायांचं गाणं थांबलं. कोकिळाबाईंचा चेहरा उतरला. "सकाळपासून? अन् आता सांगून राह्यली?"

"ओटी तरी भरून घ्या," तानाबाई म्हणाली. "अर्ध्यातून उठवणं बरं नाई. अन् पोरगा हाय का पोरगी, ते तरी पाहू द्या."

"ते तुमी पाहा, बाई," कोकिळाबाई सुनेला धरून उठवत म्हणाल्या. "मले माही सून पायजे." मग त्यांनी पोराला, दिपालीच्या नवऱ्याला, हाक मारली, "पिंटू, गाडी काढ."

वणीचा रस्ता कोळशाच्या ट्रकांनी अडला होता. पिंटू हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागे दिपाली सासूच्या खांद्याला टेकून, ओठ मिटून बसली होती.

"कण्ह ना बापा," कोकिळाबाई म्हणाल्या. "आता कोणापासून लपवून राह्यली?"

तेव्हा दिपाली कण्हली, जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं. आणि कण्हत कण्हतच सांगत राहिली, कुठं दुखतंय, किती दुखतंय.