स्ट्रॉबेरीचं वाण

"घे व यशोदा, घरची आहे," म्हणत आनंदाबाईंनी कागदी द्रोणातली एक स्ट्रॉबेरी यशोदाबाईंच्या हातावर ठेवली. मग हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माह्या अंगणातलीच. औंदा वाण हेच."

यशोदाबाई हातातल्या फळाकडे बघत राहिल्या. लालबुंद, देठाशी हिरवी टोपी. भिंतीपलीकडे त्यांच्या स्वतःच्या परसातही याच जातीची सहा रोपं होती आणि त्यांवर एकही फळ नव्हतं. आलेलं प्रत्येक फूल त्यांनी नखानं खुडून टाकलं होतं. तसं करायला सांगितलं होतं ते याच आनंदाबाईंनी.

रोपं आली होती ऑक्टोबरात. आनंदाबाईंचा गजेंद्र महाबळेश्वरला फिरायला गेला आणि येताना बारा रोपं घेऊन आला. आनंदाबाईंनी त्यातली सहा शेजारी दिली. बावीस वर्षांचा शेजार. भाजीची वाटीसुद्धा भिंतीवरून रिकामी परत जायची नाही. वर्ध्याच्या उन्हात हे नाजूक प्रकरण कसलं जगतंय, असं यशोदाबाईंना वाटलं होतं. पण थंडी पडली आणि रोपांनी जीव धरला. मुळाशी भाताची तणस पसरली, रोज दोन तांबे पाणी, दुपारी जुन्या लुगड्याची सावली. पहिलं पांढरं फूल दिसलं त्या दिवशी त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि ती त्यांनी फक्त आनंदाबाईंना सांगितली.

"औंदा माह्या घरी हळदीकुंकू ठेवावं म्हणते. वाणात हेच द्यावं. एकेक."

हे म्हणण्याआधी त्यांनी आसपास कोणी नाही ना, ते पाहून घेतलं होतं. वासुदेवराव, त्यांचे यजमान, आर्वी डेपोला कंडक्टर होते. ते गेले तेव्हा यशोदाबाई चौतिशीच्या होत्या. त्यानंतर संक्रांत ते रथसप्तमी त्या दवाखान्यात मुद्दाम संध्याकाळची ड्यूटी मागून घ्यायच्या. कोणी बोलावलं नाही तर वाईट वाटायला नको, आणि बोलावून कोपऱ्यात बसवलं तर त्याहून नको. आता रिटायर झाल्यावर ड्यूटीची सबबही उरली नव्हती. समोरची रुचिका, शाळेत शिकवणारी, त्याआधीच म्हणाली होती, "काकू, ते जुनं झालं सारं. तुम्ही ठेवा, मी सगळ्यायले घेऊन येते." तेव्हा एकदा, आयुष्यात एकदा, आपल्या हातानं वाण द्यायचं आणि ते असं द्यायचं की बायकांनी नाव काढावं, एवढीच हौस होती.

"ठेव ना," आनंदाबाई म्हणाल्या होत्या. "पण रथसप्तमीले ठेवजो. आन् संक्रांतीपर्यंत फुलं तोडत जाजो. रोपट्यात ताकद राह्यते. मंग एकदम ढिगानं फळ येते. गजेंद्रनं मोबाईलवर पाह्यलं."

यशोदाबाईंची सारी हयात नर्सगिरीत गेलेली. वरून लिहून आलं ते बिनचूक करायचं, आठची गोळी आठलाच. सकाळचा चहा झाला की त्या परसात बसायच्या आणि फूल खुडायच्या. जीव चुकचुकायचा. पण सांगणारी आनंदा होती, म्हणजे विचारायचं काम नव्हतं.

आणि त्याच आनंदाबाई आज, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, परात घेऊन बायकांतून फिरत होत्या. यशोदाबाईंच्या कपाळाला त्यांनी कुंकूही लावलं. "मी असलं काई मानत नाई," हेही मोठ्यानंच. बायका कौतुकानं माना डोलवत होत्या.

निघताना यशोदाबाईंनी दारात हळूच विचारलं, "तू नाई तोडली फुलं?"

"माह्या गुडघ्याचं मालूम आहे तुले. कुठं वाकत बसू रोज?"

"मले तं तोडाले सांगतलं."

"तुह्याच रोपट्याच्या भल्यासाठी सांगतलं व." आनंदाबाई परातीतले रिकामे द्रोण गोळा करू लागल्या. "आता एवढ्यातेवढ्याचं काय घेऊन बसली? तुह्यीबी पिकतीन ना."

केसानं गळा कापावा तो असा. रक्त नाही, आरडाओरडा नाही, वर कपाळाला कुंकू. घरी येऊन यशोदाबाईंनी ती स्ट्रॉबेरी ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती मऊ पडली, तिसऱ्या दिवशी त्यांनी ती टाकून दिली. खावंसं वाटलं नाही.

रथसप्तमी यंदा चांगली महिनाभर लांब होती. फळं धरली. आनंदाबाईंपेक्षा मोठी धरली, हेही खरं. पण यशोदाबाईंनी बाजारातून डझनभर चहाच्या गाळण्या आणल्या.

"काकू, परसात एवढ्या स्ट्रॉबेऱ्या पिकल्या," रुचिका म्हणाली. "वाणात काऊन नाई देऊन राह्यल्या?"

"ते वाण आनंदाचं झालं, पोरी. आता मी देलं तं तिचं पाहून केलं म्हणतीन."

बायका आल्या. यशोदाबाईंनी प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं, गाळणी दिली, हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." सगळ्यांत शेवटी आनंदाबाई आल्या आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

यशोदाबाईंनी त्यांनाही नीट कुंकू लावलं. गाळणी दिली. तिळगूळ ठेवताना क्षणभर थांबल्या.

"तिळगूळ घे आनंदा," त्या म्हणाल्या. "गोड तं तू बोलतेच. कधी खरंबी बोलत जाजो."

आनंदाबाईंचा हात तसाच उघडा राहिला. मग त्यांनी पदर सावरला आणि चपला घातल्या.

सगळ्या गेल्यावर यशोदाबाई परसात आल्या. ऊन कलतं झालं होतं. लाल फळं पानांआड तशीच लोंबत होती आणि कडेच्या रोपावर एक नवं पांढरं फूल उमललं होतं. सवयीनं त्यांचा हात तिकडे गेला, नख देठाला लागलंही. मग त्यांनी हात मागे घेतला आणि बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसलं.