सूज उतरली तेव्हा

आई गेली त्याच्या आदल्या वर्षी पोटातल्या गाठीवर ते औषध सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत तिचे डोळे सुजले. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, आरशात बघून म्हणाली, "डोळे कसले, बटणांची काजं झालीत."

डॉक्टरांनी नीट समजावलं. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून पेशी बिलगून असतात, त्यांना आधार देतात. हे औषध त्यांची पकड सैल करतं. पोटातल्या गाठीचा रक्तपुरवठा त्यानं खिळखिळा होतो. पण गाठीतली वाहिनी कुठली नि पापणीतली कुठली, हे औषधाला कळत नाही. मग पापणीत पाणी झिरपतं.

"म्हणजे सूज आहे तोवर औषध लागू पडतंय?"

"असा हिशोब नसतो. शरीरात पोचतंय, एवढंच."

मला तेवढं पुरलं. आई बाह्या उसवून सैल करत बसायची आणि मी तिच्या फुगलेल्या गालांकडे बघून मनात खूश व्हायचे.

पुढे पाणी फुप्फुसांभोवती साचलं. तिला दोन वाक्यं सलग बोलवेनात. औषध कमी करून पाहिलं, शेवटी बंद करावं लागलं. दुसरं काही? डॉक्टर म्हणाले, आता नाही.

औषध थांबलं तशी पेशींनी पुन्हा पकड घेतली. आधी घोटे दिसायला लागले, मग हनुवटी. एका सकाळी माझी जुनी आई समोर बसून चहा पीत होती. गाठ आत मोकळी सुटली होती आणि तिचा चेहरा उजळत चालला होता.

मावशी आली ती दारातच थबकली. "अगं ताई, किती छान दिसतेस. मी उगाच जीव मुठीत धरून आले."

"मग जा परत."

"औषधानं गुण दिला हो," मावशी मला म्हणाली. मी खुर्ची पुढे सरकवली.

तिला दोघींचा फोटो हवा होता. मी काढला. मावशी चष्मा शोधायला आत गेली, तेव्हा आई फोटोकडे बघत राहिली.

"गाठीलाही असंच बरं वाटत असेल ना आता?"

मी तिच्या हातातून फोन घेतला.

"हिला आज सांगू नकोस," ती म्हणाली. "दोन घास सुखानं खाऊ देत."

मावशी चष्मा पुसत आली. "दाखव बघू. अगंबाई, मी हललेय. आणखी एक काढ."

मी आणखी एक काढला.