हेमराजची अमानत

आमच्या ह्यांना तुमी बघितलेलं हाय. नाव सांगितलं तर वळखणार न्हाय, पर तोंड बघितलं की म्हणाल, "अरे, हा तर तो!" हिरोच्या घरातला जुना नोकर. दुधाचा पेला घेऊन जिन्यावरनं येणारा, मालकिणीच्या लग्नात खांबाआड डोळे पुसणारा, शेवटाकडं मालकाच्या वाटची गोळी सोताच्या छातीवर घेणारा. पिक्चरमदी त्येंचं नाव हेमराज, घरचं हणमंतप्पा. नळदुर्गचा लिंगायत गडी मुंबईला गेला, हिंदी शिकला आन आख्खा जल्म दुसऱ्याच्या बंगल्याची दारं उघडण्यात घालवला. सोताच्या घराचं दार उघडायला मातर मीच. मी शिवलीला, त्येंची बायको.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्यात गळ्यात इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. ल्हानपणी स्वामी बांधत्यात, ते मरंपर्यंत अंगावरनं उतरायचं न्हाय. मेल्यावर बी संगंच जातं. पर पिक्चरमदल्या नोकराच्या गळ्यात चांदीची डबी कशी चालंल? कधी पुजारी व्हायचं, कधी फकीर, कधी उघड्या अंगाचा हमाल. पहिल्याच शूटिंगला कपडेवाला म्हणला, "हे काढा." ह्यांनी काढलं. गावाकडं कळलं तवा सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं, म्हणल्या, माझा ल्योक जित्तेपणी मेला. मग ह्यांनी सोताला नेम लावून घेतला. सोंग चढवायच्या आदी लिंग बायकोच्या हातात द्यायचं, आन तिच्याच हातनं गळ्यात पडल्याबिगर अन्नाला शिवायचं न्हाय. पाणी तेवढं चालंल.

नवी नवरी हुते तवा मी रोज स्टुडिओत जायची. हिरवं इरकल नेसून मेकअपच्या खोलीत कोपऱ्यात बसायची, मुठीत ह्यांचा देव. सगळं युनिट जेवायला बसायचं आन हे माझ्याफुडं मान खाली घालून हुबे. "हेमराजजी, पहले भाभीजी से अपनी अमानत तो ले लो!" म्हणून पोरं चिडवायची. मला लाज वाटायची आन आवडायचं बी, खोटं कशाला बोलू? पुढं पोरं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मी गावाकडं आले. "आता तिकडं कुणाच्या हातात देता वो?" असं इचारलं तर म्हणायचे, "तुझ्या फोटोफुडं ठेवतो, फोटोफुडनं उचलतो." खरं का खोटं, देव जाणे. नट माणूस!

मग कामं कमी झाली. आता नोकरच ऱ्हायले न्हाईत पिक्चरमदी, म्हणायचे. गावाकडं आले आन मांडीवर फोन घेऊन वसरीत बसाय लागले. फोन काय वाजंना. बसून बसून माणूस आतनं पुसत गेला. आदी गल्लीतल्यांची नावं गेली, मग नातवंडांची. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हे आता वाढतच जाणार. आमचा बसवेश, हायवेला टायरचं दुकान हाय त्याचं, त्यो दवाखान्याच्या जिन्यातच रडला. मी न्हाय रडले. माझं नाव अजून शाबूत हुतं ना त्येंच्या तोंडात!

गेल्या म्हैन्यात किल्ल्यावर शूटिंग आलं. शूटिंगचा डायरेक्टर, दाढीवाला कवळा पोरगा, घर हुडकत आला आन ह्यांच्या पाया पडला. किल्ल्याच्या म्हाताऱ्या दरवानाचं काम, एकच सीन. बसवेश म्हणला, "अव्वा, नको. अप्पांना झेपायचं न्हाय." म्या म्हणलं, "झेपतंय." आजाराचं त्या पोराला सांगितलं न्हाय. का सांगू? फोन वाजायची वाट बघत बसलेला माणूस म्या बघितलाय. त्या दिवशी हे सोताच्या हातानं दाढी करून बसले. उद्या कुणी आलं तरी मी हेच म्हणंन.

किल्ल्यातल्या पाणीमहालाच्या अंगाला तंबू ठोकला हुता. अंगरखा चढवायच्या आदी ह्यांनी गळ्यातलं काढलं, कपाळाला लावलं, माझ्या मुठीत ठेवलं. म्हणले, "शिवलीला, संभाळ." मग फुडं गेले. काय सांगू तुमाला! कंबर वाकलेली, हातात कंदील, दाराची कडी अशी काढली की जसं जल्मभर तेच दार उघडत आलेत. एक शब्द चुकला न्हाय. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, डायरेक्टरनं मिठी मारली. मला वाटलं, गेलेलं माणूस म्या परत आणलं.

डबी घेऊन मी फुडं झाले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, हात जोडले आन लई अदबीनं म्हणले, "नहीं बहनजी. मेरी अमानत मेरी घरवाली के पास है. उसी के हाथ से लूँगा."

मंडळी हसली. त्येंना वाटलं, म्हातारा अजून कामातच हाय, मस्करी करतोय. मी बी हसले, सगळ्यांच्या देखत काय करणार? डबी पदराच्या गाठीत बांधली.

घरी आणलं. ज्वारीची भाकरी, डाळीचं घुटं, शेंगाची चटणी, समदं त्येंच्या आवडीचं फुडं ठेवलं. ताटाकडं बघून हात जोडले. "लिंग के बिना कैसे खाऊँ?" सकाळी बी तेच, दुपारी बी तेच. नावं गेली, गाव गेलं, नेम तेवढा डोस्क्यात पक्का बसलेला! बसवेशनं समजावलं, त्यालाच ह्यांनी 'बेटा, किस पिक्चर में हो?' असं इचारलं. मठाच्या स्वामींना बोलावलं. स्वामींनी डबी हातात घेऊन सांगितलं, "हणमंतप्पा, मी बांधतो." हे पाया पडले आन म्हणले, "मेकअप अच्छा है आपका." स्वामी बिचारे खाली मान घालून गेले. गुपचूप गळ्यात घालायला गेलो तर मुठी आवळून असे वरडले की शेजारची कमलबाई पळत आली.

तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरनं घरीच सलाईन लावलं, ते ह्यांनी उपसून टाकलं. साखरेचं दुखणं, पोटात अन्न न्हाय, ओठ पांढरे फटक. डॉक्टर बसवेशला बाजूला घेऊन म्हणले, आज खाल्लं न्हाय तर माझ्या हातात काय ऱ्हात न्हाय. म्या ऐकलं. मग मातर माझा तोल गेला. त्येंच्या फुडं बसले आन वरडले, "अहो, मीच ती! मीच शिवलीला! माझ्यासंगं संसार केलाय तुमी! बघा की नीट!"

ते घाबरले. मागं भिंतीकडं सरकले. मला माझीच लाज वाटली.

थोड्या येळानं आवाज खाली आणून, माझ्या मोडक्या हिंदीत इचारलं, "कैसी दिस्ती तुमारी घरवाली?"

त्येंच्या तोंडावर उजेड आला. "दुबली-सी. हरी साड़ी पहनती है. ग़ुस्सा बहुत करती है." आन दाराकडं बघत म्हणले, "आती ही होगी. उसको मालूम है मैं भूखा हूँ."

 ती व्हती की समोर! पर ती न्हवती. ती कवाची म्हातारी झाली आन ह्यांना कुणी सांगितलंच न्हाय. माझीच मी सवत होऊन बसले हुते.

उठले आन कळंबला फोन लावला. लेकीची लेक गायत्री तिकडं दिलीया, औंदाच लगीन झालंय. नाकडोळे, उंची, समदं माझं उचललंय, रागसुद्धा. पोरगी मिळंल त्या एस्टीनं आली. म्या ट्रंकेतलं हिरवं इरकल काढलं, तिला नेसवलं. निऱ्या काय नीट पडंनात. "आज्जी, मला न्हाय जमायचं," म्हणून रडाय लागली. म्या म्हणलं, "गप. बोलू नगंस जास्त. 'अहो' म्हण आन फुडं हो." तिच्या मुठीत डबी दिली. लई जड गेलं, खरं सांगते.

ती दारात हुबी ऱ्हायली. "अहो," म्हणली.

हे उठून बसले. कुठनं आलं बळ, कुणास ठाऊक. मान खाली घालून तिच्याफुडं हुबे ऱ्हायले, स्टुडिओत ऱ्हायचे तस्से. "किती उशीर केलास गं," म्हणले. मराठीत! दोन दिसांनी पहिल्यांदा मराठी. गायत्रीनं गळ्यात घातलं. त्येंनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळे मिटून पूजा केली आन पाटावर येऊन बसले. बसवेश तोंडावर रुमाल दाबून भाईर गेला.

गायत्रीनं भाकरी वाढली, घुटं वाढलं. ह्यांनी भाकरी मोडली. घास तोंडाजवळ नेला आन थांबले. आता काय आनि?

ते माझ्याकडं बघत हुते. मग गायत्रीकडं वाकून हळूच म्हणले, "शिवलीला, ती म्हातारी बघ. कोण हाय म्हाईत न्हाय, पर मी जेवत न्हाय म्हणून ती बी उपाशी बसलीया. रडत व्हती बिचारी. तिला आदी वाढ, मग मी खातो."

 गायत्री माझ्याकडं बघायची, त्येंच्याकडं बघायची, जाग्यावरनं हलंना.

"वाढ की गं," मी म्हणले आन फुडं ताट वढलं. "नवरा सांगतोय तुझा."