इस्पिकच्या दुर्रीची कोरी पाठ

मित्रांनो, जुनं असूनही न वापरलेलं असणं म्हणजे काय, ते पत्त्यांच्या डबीत राहिल्याशिवाय कळत नाही. मी तिथे राहिले आहे. मी इस्पिकची दुर्री. अंगावर दोन काळी चिन्हं आणि मधे भरपूर मोकळी जागा. राजाला मिशा असतात, राणीच्या हातात फूल असतं, गुलामालासुद्धा टोपी असते. मला छापताना कारखान्याने शाईची काटकसर केली असावी.

आमचा कॅट ढुंढिराजकाकांनी नाशिक रोडला, स्टेशनबाहेर विकत घेतला. काका सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. मुलगी हर्षाली कॅनडाला नोकरीला गेली होती. घरात उरले ते आणि गोदावरीकाकू. दोघांनी खेळायचं म्हणजे सात-आठ, आणि त्या खेळात सत्तीच्या खालचं कुणी चालत नाही. पहिल्याच दुपारी काकांनी आम्हा लहान पानांना वेगळं काढलं, रबरबँड लावला आणि डबीत ठेवून दिलं. रागाने नाही. चपला दाराबाहेर काढाव्यात, इतक्या सहजपणे.

वर्षं गेली. "हुकूम इस्पिक!" असं काकू बाहेर म्हणाल्या की डबीत माझ्या अंगावर काटा येई. खेळ संपला की एक्का परत येई. तेलकट, थकलेला, बोटांच्या उबेने कोमट. मी त्याच्याकडे बघत राही. मला जिंकायचं नव्हतं हो. कुणीतरी हातात धरावं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात हर्षाली रजेवर आली. "अजून तेच सात-आठ? आता आपण तिघं आहोत," म्हणत तिने आमचा रबरबँड काढला. तो इतका जुना होता की काढताना तुटलाच.

तिने शिकवलेल्या खेळाचं नाव ओमाहा, पोकरचाच एक प्रकार. प्रत्येकाला चार पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच. आपली नेमकी दोन आणि मधली तीन घेऊन डाव जुळवायचा. लावायला पैशांऐवजी बेदाणे. जमलेल्या ढिगाचा अर्धा भाग सर्वांत मोठ्या डावाला, अर्धा सर्वांत लहान डावाला. लहान डावात अठ्ठीच्या वरचं पान चालत नाही. एक्का तेवढा दोन्हीकडे चालतो. एक्के असतातच तसे.

"खरा खेळ पहिल्या चार पानांतच असतो," हर्षाली म्हणाली. "एक्का आणि दुर्री एकत्र आली तर सोडायची नाही. सोबत तिर्री असेल तर उत्तमच. कारण मधे दुसरी दुर्री पडली की हातातली वाया जाते, मग तिर्री सांभाळून घेते. आणि चौथा एक्क्याच्याच रंगाचा राजा आला, तर दोन्हीकडचे बेदाणे मिळायची आशा!"

मित्रांनो, माझ्याबद्दल कुणी अख्खं वाक्य बोलण्याची ती पहिलीच वेळ होती.

काका मात्र सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी आली की खूश. "सलग चार! सोडतो की काय!"

"बाबा, ही ना धड मोठी, ना धड लहान. टाका."

"अगं, इतकी वर्षं यांच्यावरच तर जिंकलोय."

"ऑफिसातही असंच मधलं धरून बसायचात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बेदाणे आपल्याकडे ओढले.

काकू सारख्या जिंकत. हर्षालीकडे लहान पानं आली की त्या निमूट डाव सोडत, नसली की बिनधास्त लावत. शेवटी हर्षालीने सगळी पानं पालथी मांडून पाहिली. मोठ्या पानांच्या पाठी मळून पिवळ्या झालेल्या, आमच्या कोऱ्या करकरीत.

"आई! तू पाठी बघून खेळतेस!"

"मग काय डोळे मिटून खेळू?"

तिघंही पोट धरून हसले. "नवा कॅट मागवते," हर्षाली म्हणाली. मला हसू येईना. नव्या कॅटमध्ये नवी दुर्री असणार होती.

"नको," काका म्हणाले. "तू जाशील. नवा कॅट घेऊन आम्ही दोघं काय करणार? यांनाच मळवतो. तू परत येईपर्यंत होतील सारखी."

हर्षाली गेली. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर काकांनी मोठी पानं डबीत ठेवली आणि आम्हाला बाहेर काढलं! दोघं भिकार-सावकार खेळू लागले. पासष्टी उलटलेला माणूस गंभीर चेहऱ्याने दुर्रीवर दुर्री टाकतो, तेव्हा हसू नये. तेवढ्यात हर्षालीचा व्हिडिओ कॉल आला.

"काय चाललंय?"

"पानं मळवतोय," काका म्हणाले.

"तुझ्या रजेचं कळव," काकू म्हणाल्या. "त्या बेताने हात चालवतो."

"बघते गं. अजून काही ठरलं नाही."

फोन बंद झाला. पुढची उतारी काकूंची होती. पान होते मी. त्यांनी मला बराच वेळ खाली टाकलं नाही.

मित्रांनो, डबीत असताना मला वाटायचं, नीट ठेवलंय म्हणजे जपलंय. तसं नसतं. तुमच्याही घरी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या कपबश्या असतील, घडी न मोडलेली चादर असेल. काढा त्या वस्तू. एखादी कपबशी फुटली, तरी तिला निदान चहाची चव कळलेली असेल.

आता रोज खेळ संपला की काकू डबीतून एक्का काढतात, पालथा ठेवतात आणि शेजारी मला ठेवतात. चष्मा लावून दोन्ही पाठी बघतात.

"अजून पांढरीच आहे हो," त्या म्हणतात.

काका पुन्हा पानं पिसायला घेतात.