तीन न म्हणता

अकरा फोटो, प्रत्येकात माणसं दोन, म्हणजे डोळे चव्वेचाळीस. त्यांतले मिटलेले सत्तावीस. विषम आकडा कसा आला म्हणून तिने कॅमेऱ्याच्या काड्यापेटीएवढ्या पडद्यावर फोटो पुन्हा एकेक करून सरकवले, तेव्हा आठव्यात बाबांचा एकच डोळा मिटलेला सापडला.

"काय निकाल, शास्त्रज्ञीणबाई? पास की नापास?" बाबांनी हिरवळीवरून विचारलं.

"ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर."

"मग त्या सूर्याला सांग जरा सरकायला."

"अहो, गप उभे राहा. केस बघा कसे झालेत," आई म्हणाली आणि तिने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

येत्या रविवारी त्यांची ही लेक परदेशातल्या नोकरीवर निघणार होती, निदान तीन वर्षांसाठी. या दोघांचा एक धड फोटो सोबत असावा म्हणून महिनाभर ती उघड्यावर माणसांचे फोटो काढायला शिकत होती. शिकवणाऱ्याने उन्हासाठी एक युक्ती सांगितली होती: आधी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचं, एक-दोन-तीन म्हणायचं, तीनला डोळे उघडतात – ते पुन्हा बारीक व्हायच्या आत बटण दाबायचं.

युक्ती लागू पडली. पुढच्या सहा फोटोंत सगळे डोळे टक्क उघडे होते. फक्त बाबांचे... कॅमेरा स्टँडवर होता, रिमोट हातात घेऊन ती शेजारी उभी होती, आणि बाबा सहाही वेळा कॅमेऱ्याऐवजी तिच्याकडे बघत होते.

"बाबा, भिंगात बघा ना."

"भिंगातच बघतोय की!"

माझ्याकडे बघतायत, तिला वाटलं – जाणार ना मी, म्हणून. तिला बरं वाटलं. आणि इतकं बरं वाटलं म्हणूनच शंका आली, कारण हवं तेच उत्तर मिळालं की आधी उपकरण तपासायचं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. तिने कॅमेरा स्टँडवरून काढून हातात घेतला. चपला बाजूला काढल्या.

"आता मी तीन म्हणणार नाही. दोननंतरचा तीन मनात म्हणा, डोळे उघडा आणि कॅमेऱ्याकडे बघा. एक... दोन..."

आणि ती गवतावरून, आवाज न करता, उजवीकडे सरकली.

आईची नजर क्षणात येऊन भिंगावर टेकली. आई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. बाबा मात्र छान हसत होते – ती मघाशी जिथे उभी होती तिथल्या रिकाम्या हवेकडे बघून. अंतर चार मीटर, मी सरकले दीड मीटर, तिच्या डोक्याने आपोआप हिशोब केला: आई शून्य अंश, बाबा वीस.

वर्षभर बाबा मेसेज लिहीत नव्हते, बोलून पाठवत होते, आणि ती ते ऑफिसात कानाला लावून दोन-दोनदा ऐकायची, म्हणायची, बाबा किती हळवे झालेत... शब्दकोडं आई वाचून दाखवायची आणि हे आरामखुर्चीतून उत्तरं फेकायचे – आळशी झालात हं बाबा! – आणि आज सकाळी फाटकातून दोघं हातात हात घालून आले तेव्हा ती इतकी खूश झाली की कॅमेरा बाहेर काढायचंच विसरली. की हे सगळं खरोखर तसंच होतं, आणि आपणच आता उलट्या बाजूने वाचतोय? ‘दोन’ ऐकल्यावर माणूस जिथून आवाज आला तिथे बघणारच. आईने नाही बघितलं. पण आई आई आहे...

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वळून बाबांकडे, मग बाबा बघत होते त्या मोकळ्या जागेकडे. कोपराने त्यांना हळूच ढोसलं.

"झालं ना गं? पुरे आता. दमले ते."

"मी कुठे दमलोय?" बाबा म्हणाले. "काढ गं तू. तिकडे गेल्यावर आम्हाला कुठून बघणार आहेस?"

विचारावं. सरळ विचारावं, बाबा, मी किती बोटं धरलीत? – आणि मग? रविवारचं काय? विचारलं तर जाता येणार नाही, न विचारता गेलं तर तिथे राहता येणार नाही, आणि यातलं आपल्याला नेमकं कशाचं भय वाटतंय तेही तिला धड कळेना. एका मोजमापावरून काही ठरवायचं नसतं, एवढी एकच गोष्ट तिला त्या घडीला खात्रीने माहीत होती.

"शेवटचा," ती म्हणाली. "मघासारखंच. तीन मनात."

आई तिच्याकडे बघत राहिली. बाबांनी डोळे मिटले तरी बघत राहिली. मग तिनेही मिटले.

"एक... दोन..."

ती या वेळी डावीकडे सरकली, तेवढीच, दीड मीटर. बटण दाबलं. पडद्यावर फोटो मोठा करून दोघांची बुबुळं पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली.

बाबा, वीस अंश. आई, वीस अंश.